जुन्या रंगमंदिरांचा खर्च कोणी सोसायचा?

डहाणूहून निघालेला प्रवासी चर्चगेट स्थानकाबाहेर आला की समोर 'इरॉस'ची इमारत उभी दिसते. १९३८ साली उघडलेले हे चित्रपटगृह मध्यंतरी काही वर्षे बंद होते. २०२३ साली ते पाडले जात असल्याची वार्ता पसरली, तेव्हा मुंबईकरांत मोठी खळबळ माजली. सुदैवाने इमारत वाचली आणि २०२४ च्या प्रारंभी तेथे पुन्हा चित्रपट सुरू झाले. मात्र सुमारे बाराशे आसनांच्या जुन्या प्रेक्षागृहाची जागा तीनशेच्या आसपास आसनांच्या नव्या प्रेक्षागृहाने घेतली आणि उरलेला बराचसा भाग व्यापारी वापराकडे गेला. आग्र्याच्या तांबड्या दगडाचे दर्शनी रूप कायम आहे; २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या इमारतसमूहाचा तो एक भाग आहे. तेव्हा याला जीर्णोद्धार म्हणावयाचे की रूपांतर, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

अशा प्रसंगी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा भावनेच्या अंगाने. कलावंत निषेध करतात, वृत्तपत्रांत आठवणी छापून येतात, मालकाला धनलोभी ठरविले जाते. या साऱ्यात साधा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तो येथे मांडून पाहू. समजा, शहराच्या मध्यवस्तीत सहाशे आसनांचे एक नाट्यगृह आहे आणि त्याच्या भूखंडाची किंमत शंभर कोटी रुपये आहे. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, मुंबईत ते याहून मोठेच भरावेत.) ही रक्कम सात टक्के व्याजाने गुंतविली तर वर्षाला सात कोटी मिळतात. नाट्यगृहात वर्षाकाठी पाचशे प्रयोग होतात आणि प्रत्येक प्रयोग भरगच्च जातो असे धरले, तरी हे सात कोटी भरून काढण्यासाठी दर प्रयोगामागे एक लाख चाळीस हजार रुपये, म्हणजे दर आसनामागे सुमारे २३३ रुपये, केवळ जमिनीपोटी वसूल व्हावे लागतील. नटांचे मानधन, वीज, रंगरंगोटी, डोअरकीपरचा पगार हे सारे त्याच्या वर. मराठी नाटकाचा मध्यमवर्गीय प्रेक्षक हा भार पेलू शकत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसऱ्या बाजूने उत्पन्न वाढविण्याचा मार्गही अरुंद आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगभूमीच्या या दुखण्याचे निदान केले आहे. कारखान्यात नवे यंत्र आले की तेवढ्याच मजुरांकडून दुप्पट माल निघतो आणि त्यातून वाढीव पगार देता येतो. तीन अंकी नाटकाला मात्र शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितके तास लागत, तितकेच आजही लागतात. पगार तर इतर धंद्यांबरोबर वाढतच राहतात. म्हणून रंगभूमीचा खर्च तिच्या उत्पन्नाच्या पुढे धावतो. यात कोणाची नालायकी नाही. तो या व्यवसायाचा स्वभावच आहे.

अशा मालकाला आपण 'वारसा इमारत' असा शिक्का मारून पाडकामाची बंदी करतो. बंदी योग्यच आहे, पण तिचा लाभ सर्व शहराला होतो आणि तोटा एकट्या मालकाच्या पदरी पडतो. मग तो काय करतो? छपराची गळती तशीच राहू देतो. इमारत धोकादायक ठरण्याची वाट पाहतो. कायद्याने जे करता येत नाही ते पावसाकडून करवून घेतो.

मुंबईतील ऑपेरा हाऊसचे उदाहरण याच्या उलट दाखविले जाते. १९११ साली बांधकाम अपुरे असतानाच पाचव्या जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांचे प्रयोग तेथे होत. १९५२ साली ते गोंडलच्या महाराजांनी विकत घेतले. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि दीर्घकाळ चाललेल्या कामानंतर २०१६ च्या ऑक्टोबरात, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली पूर्वीचे वैभव लेवून पुन्हा उघडले. ही कामगिरी स्पृहणीय आहे यात शंका नाही. परंतु तेवीस वर्षे दारे बंद ठेवून मालकी टिकविणे आणि वर जीर्णोद्धाराचा खर्च करणे हे राजघराण्याला शक्य झाले. परळच्या एखाद्या सेवाभावी संस्थेला ते कसे जमावे?

परळचेच उदाहरण घेऊ. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावाची सेवा करीत होते. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची नमने, दशावतार, हौशी नाटके येथे झाली. कामगार रंगभूमीचे ते माहेरघरच. २०२३ च्या नोव्हेंबरात ते बंद झाले, कारण संस्थेला त्या आवारात शाळेची नवी इमारत उभारावयाची होती. कलावंत खवळले आणि प्रकरण राज्य शासनापर्यंत गेले. त्यांची मागणी रास्त होती. पण शाळाही लोकोपयोगीच, आणि संस्थेच्या तिजोरीत राजवैभव नाही, हेही खरे. एका लोकोपयोगी कामाला दुसऱ्याच्या उरावर बसविण्याची पाळी येते, कारण तिसऱ्या कोणी, म्हणजे ज्या शहराला दोन्ही हवी आहेत त्याने, खिशात हात घातलेला नसतो.

यावर उपाय नाही असे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८२ साली एका हॉटेलसाठी जुनी नाट्यगृहे जमीनदोस्त करण्यात आली. त्या धक्क्यानंतर उरलेल्या अनेक नाट्यगृहांना संरक्षण मिळाले. मालक न्यायालयात गेले आणि हरले. पुढे १९९८ साली तेथील नगरशासनाने त्यांना आपला न वापरलेला बांधकामहक्क नाट्यगृहांच्या परिसरात अन्यत्र विकण्याची मुभा दिली. मात्र वास्तूत नाटकेच होत राहतील अशी हमी घेऊन, आणि विक्रीतील काही हिस्सा रंगभूमीच्या निधीत घालण्याच्या अटीवर. मुंबईच्या १९९५ सालच्या वारसा नियमांतही असा हक्क अन्यत्र वापरण्याची तरतूद आहे. आपल्याकडे उणीव आहे ती हमीची. आपले नियम दगड पाहतात, प्रयोग पाहत नाहीत. चित्रपटगृहाच्या पुनर्विकासात एक तृतीयांश आसने राखण्याची अट आपण घालतो, पण ती आसने कोणत्या मजल्यावर, कोणत्या तिकिटाला आणि कोणासाठी, याची चौकशी करीत नाही. हक्कविक्रीचे पैसे हवे असतील तर वर्षातले ठराविक दिवस परवडणाऱ्या भाड्याने नाटकाला द्यावे लागतील, असा करार वास्तूच्या कागदपत्रांतच नोंदला गेला पाहिजे.

मात्र हा उपाय जमीन महाग असेल तेथेच चालतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१५ साली पूर्ण झालेले मूळचे 'पॅलेस थिएटर', ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. (याच नावाचे, १९१३ सालचे न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर खाली दुकाने काढण्यासाठी सबंध उचलून सुमारे तीस फूट वर नेण्यात आले आणि २०२४ सालीच पुन्हा उघडले. नावे सारखी, नशिबे निराळी!) कोल्हापुरात पुनर्बांधणीसाठी शासनाला थेट निधी द्यावा लागला, आणि ते योग्यच झाले. बांधकामहक्काच्या विक्रीतून तेथे मुंबईसारखी रक्कम उभी राहिली नसती. अशा गावांना दरवर्षीचे दुरुस्ती अनुदान हवे. आग लागल्यावर कोट्यवधी मंजूर करण्यापेक्षा आधी वीजतारा बदलणे स्वस्त पडते, हे सांगण्याची वेळ यावी हेच नवल.

आता थोडे आपल्या दाराशी. डहाणूच्या वाचकाला हा सारा वाद परका वाटू नये. १९९१ च्या जूनमध्ये केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि उद्योगांसाठीची जमीन पाचशे एकरांपुरती मर्यादित केली. चिकूच्या बागा राहिल्या, किनारा राहिला. त्याचा लाभ सर्वांना झाला. रोजगार हुकला तो मात्र येथील तरुणाचा, आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. वारसा इमारतीच्या मालकाची तक्रार ती हीच. आज वारे फिरले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तलासरीतून द्रुतगती मार्ग जात आहे आणि विरार–डहाणू लोहमार्गाचे चौपदरीकरण चालले आहे. जमिनीचे भाव यापुढे कोणत्या दिशेने जातील हे वेगळे सांगावयास नको.

तारप्याच्या नाचाला छप्पर लागत नाही. चांदणे आणि मोकळे आवार पुरते. पण ते मोकळे आवारही आता बाजारात येणार आहे. महाविद्यालयांची नाटके, कामगारांचे मेळावे, वारली कलाकारांचे कार्यक्रम यांसाठी प्रेक्षागृहाची जागा आणि उघडे मैदान या दोहोंचे आरक्षण विकास आराखड्यात आताच पडले पाहिजे, कारण आज ते स्वस्त आहे. तेही केवळ नकाशावर रंग भरून साधणार नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत कारवाई न झाल्यास आरक्षण गळून पडते. डहाणू नगरपरिषदेने आणि तलासरी नगरपंचायतीने येत्या अर्थसंकल्पात या संपादनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि बंदरामुळे जी विकासशुल्काची रक्कम वाढेल, तिचा ठराविक हिस्सा दरवर्षी त्यात जमा करावा.