कंबरपट्टा, एमआरआय आणि तरुणांचे दुखणे

कंबरदुखी हे उतारवयाचे दुखणे, ही समजूत मोडीत निघाली आहे. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकातील २०२३ च्या अभ्यासानुसार २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना हा त्रास होता. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींपलीकडे जाईल, असा अंदाज आहे.

शहरातील पंचविशीतल्या नोकरदाराच्या कमरेत उसण भरली, की ठरलेला क्रम सुरू होतो. एमआरआय, ‘गादी सरकली’ हा निष्कर्ष, औषधाच्या दुकानातला कंबरपट्टा आणि वाकू नका हा सल्ला. वास्तविक २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कसलीही वेदना नसलेल्या विशीतील ३७ टक्के व्यक्तींच्या मणक्यांच्या चकत्यांत झीज आढळली होती. अहवालातील झीज हेच दुखण्याचे कारण, असे त्यामुळे म्हणता येत नाही. भीतीपोटी हालचाल थांबवणाऱ्याचे स्नायू मात्र दुबळे होतात, आणि दुखणे मुक्काम ठोकते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रुग्णशिक्षणाची शिफारस केली. पट्टे आणि ट्रॅक्शन देऊ नये, असेही स्पष्ट सांगितले.

मग व्यायाम कोणता? सध्या व्यायामशाळांत ‘कोअर’चा बोलबाला आहे. हात उचलण्यापूर्वीच शरीर तोल राखण्यासाठी पोटाचा खोलवरचा स्नायू आवळते. कंबरदुखीच्या रुग्णांत ही क्रिया उशिरा घडते, असे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यावर एक पंथच उभा राहिला! परंतु कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात, जुनाट दुखण्यावर अशा खास व्यायामांचा इतर व्यायामांहून फारसा अधिक लाभ दिसला नाही. प्लँक, एका पायावर तोल सांभाळणे, पोहणे, सूर्यनमस्कार यांपैकी जे नेमाने होईल ते करावे. (पायातील शक्ती जाणे, जांघेत बधिरता येणे वा लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे दिसल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.)

अडचण आहे ती व्यवस्थेची. बहुतेक विमा योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलतात, फिजिओथेरपिस्टकडील नियमित फेऱ्यांचा नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला नियामक चौकट मिळाली. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट आजही अभावानेच भेटतो.