नोंद मागा, उपकार नको

पदकाचं नाव काढलं की आपल्यातले काही दोस्त हसतात. म्हणतात, सरकारी बिल्ला लावून कुणाचं पोट भरलंय? त्यांच्याच लढाईत मरायचं, वर त्यांनीच फेकलेला पितळेचा तुकडा मिरवायचा, हा कसला विद्रोह? वाक्य टाळ्या घेणारं आहे. मला पटत नाही. का, ते अमेरिकेतल्या एका हमालाच्या गोष्टीवरून सांगतो. ज्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्यांच्या बापजाद्यांचा हा हिशेब आहे.

हमालाचं नाव हेन्री जॉन्सन. अल्बानीच्या रेल्वे स्टेशनवर लोकांच्या पेट्या उचलायचा. जून १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या काळ्या पलटणीत भरती झाला. ही पलटण १९१६ साली हार्लेममध्ये उभी राहिली. १९१३ ते १९१६ बाबासाहेब हार्लेमच्या शेजारीच, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पलटण फ्रान्सला गेली आणि ३६९ वी रेजिमेंट झाली. गोऱ्या अमेरिकन शिपायांना काळ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढायचं नव्हतं. मग सैन्याने ही पलटणच उचलून फ्रेंचांच्या हवाली केली.

मे १९१८ ची रात्र. आर्गोनच्या आघाडीवर जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्याला. किमान बारा जर्मन चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला, जर्मन त्याला ओढून न्यायला लागले. जॉन्सनने हातबाँब फेकले. बंदूक अडकली तेव्हा तीच उलटी धरून सोट्यासारखी चालवली. शेवटी सुरा घेऊन अंगावर गेला. त्याच्या अंगावर एकवीस जखमा झाल्या, पण गडी त्याने नेऊ दिला नाही. फ्रान्सने दोघांनाही आपलं क्र्वा द गेर हे पदक दिलं.

आणि अमेरिकेने? फेब्रुवारी १९१९ मध्ये पलटण फिफ्थ ॲव्हेन्यूवरून मिरवली. सैन्यभरतीच्या जाहिरातीत जॉन्सनचं चित्र वापरलं. चित्र चाललं, पदक मात्र दिलं नाही. १९२९ साली तो मेला, चाळिशीही न गाठता. तोवर स्वतःच्या देशाचं एकही शौर्यपदक त्याच्या नावावर नव्हतं.

कुणी म्हणेल, कारकुनाची चूक असेल. दोस्तांनो, ऑगस्ट १९१८ चं एक गुप्त पत्रक आहे, फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी काढलेलं. काळ्या अमेरिकन शिपायांबरोबर जेवू नका, हात मिळवू नका, गोऱ्या अमेरिकनांसमोर त्यांची फार तारीफ करू नका, असा त्याचा मतलब. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९१९ च्या मे महिन्यात आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकात ते छापून चव्हाट्यावर आणलं. याच ड्यू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. आता सांगा, ही पंगत ओळखीची वाटते की नाही? ज्याच्याबरोबर जेवायचं नाही, त्याची मर्दुमकी वहीत कशी चढेल?

पुढचा प्रवास बघा. लष्करी नोंदी दुरुस्त करायची मंडळं अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने आली. जॉन्सनला पर्पल हार्ट मिळालं १९९६ मध्ये. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला २००२ मध्ये. सर्वांत वरचं मेडल ऑफ ऑनर अडून राहिलं. पुरावा आणा म्हणे! अल्बानीतले जुने सैनिक वर्षानुवर्षं मागत राहिले. शेवटी कागद सापडला. लढाईनंतर काही दिवसांतच जनरल पर्शिंग यांच्याकडून गेलेला संदेश, म्हणजे सरकारच्याच बाडातला! मुदतीची अट काँग्रेसला खास बाजूला ठेवावी लागली. २ जून २०१५ ला ओबामांनी पदक दिलं. सत्त्याण्णव वर्षं! घ्यायला रक्ताचं कुणी नव्हतं. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सैनिकाने ते हातात घेतलं.

हा एकटाच नाही. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त काळे सैन्यात होते. त्या युद्धासाठी मेडल ऑफ ऑनर मिळालेला काळा त्या वेळी एकही नाही. दहा लाखांत एकही शूर निघाला नाही काय? १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाला तपास करायला सांगितलं, आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना पदक मिळालं. सातांपैकी जिवंत एकच, व्हर्नन बेकर. बाकी सहा मातीत.

म्हणून म्हणतो, हसू नका. पदक पोट भरत नाही, कबूल. लढाई कुणाची होती हा सवालही खरा. पण नोंद हा साक्षीपुरावा आहे. ‘हे भित्रे, हे नालायक’ असं उद्या म्हणणाऱ्याच्या तोंडावर मारायचा कागद आहे.

आपल्याला हे नवं नाही. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महारांची ‘नाक’ लागलेली नावं कोरली आहेत. तरी १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांना फौजेचं दार बंद झालं. दगडावर नाव आणि दारावर कुलूप! पेन्शनर सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला अर्ज धाडला. आमच्या बापांनी चाकरी केली, रक्त सांडलं, याचा दाखला त्यांनी पुढे केला. त्याला लाचारी कोण म्हणेल? १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा महारांची १११ वी पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती टिकली.

माझ्या चुलत्याचं पदक ट्रंकेत आहे, डिस्चार्ज बुकात नाही. चार अर्ज गेले. उत्तर एकच : मूळ आदेशाची प्रत जोडा. ती प्रत कुणाकडे? ज्या कचेरीने उत्तर धाडलं तिच्याकडेच! सेंट लुईसला १२ जुलै १९७३ ला लष्करी दप्तरखाना पेटला. एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली जळाल्या, दुसरी प्रत कुठे नव्हती. आग जात बघत नाही. पण आगीनंतर ज्याच्या घरात कागद असतो तो तरतो, आणि आपल्या घरात कागद ठेवायला धड कपाट नसतं.

फलकावरही भुलू नका. लुइझियानातल्या फोर्ट पोकला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सरदाराचं नाव होतं. २०२३ मध्ये ते उतरवून हेन्री जॉन्सनचं लावलं. २०२५ मध्ये पुन्हा पोक! हा पोक वेगळा, म्हणे. पाटी रातोरात फिरते. नोंद फिरवायला मात्र त्यांना लेखी कारण द्यावं लागतं.

तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक माजी सैनिकाकडे बसा. नंबर, पलटण, साल, ठिकाण, सोबतीच्या गड्यांची नावं लिहून घ्या. पदक मिळालं पण चढलं नाही, तर आदेशाची नक्कल मागा. पराक्रम केला पण पदकच नाही, तर पाहणाऱ्याची जबानी त्याच्या हयातीत सहीनिशी घ्या. अर्जाची पोच घ्या, तीन नकला काढा, तीन घरांत ठेवा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो वापरा. अर्जाखाली ‘कृपा करून’ लिहू नका. ‘नोंद करा’ एवढंच लिहा.

जयभीम.