पंचाहत्तरी कोणाची, सहल कोणाची?

घरातील वडीलधाऱ्या माणसाची साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन कोणत्या ठिकाणी साजरे करावे, हा साहित्यचर्चेचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांला मात्र तो आमच्या अध्यापनाच्या अगदी जवळचा वाटतो. वर्गात आम्ही देशीवाद शिकवतो. उद्धव शेळके यांची 'धग' शिकवताना वऱ्हाडी बोलीच्या सामर्थ्याविषयी तास-तास बोलतो. आणि आईच्या पंचाहत्तरीसाठी ठिकाण निवडण्याची वेळ आली की आमचेच बोट महाबळेश्वर, गोवा आणि मुन्नार यांच्याभोवती फिरू लागते. या विसंगतीविषयी आम्हांला बोलायचे आहे. त्यातून स्वतःला वगळण्याची सोय अर्थातच नाही.

प्रसंग आम्हां दोघा सहकाऱ्यांपैकी एकाच्या घरचा आहे. आई अमरावतीला राहतात. मुले, सुना, जावई, नातवंडे पुणे, हैदराबाद आणि अमेरिका येथे विखुरलेली. पाच वर्षांपूर्वी त्यांची सत्तरी पुण्याजवळच्या एका महागड्या रिसॉर्टवर झाली. नातवंडे पोहण्याच्या तलावात, मुले फोनवर, सुना इतक्या वर्षांनी भेटल्या म्हणून गप्पांत. आणि आई उतारावरच्या खोलीत, कारण तो उतार त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. छायाचित्रांत त्या सर्वांच्या मधोमध आहेत. छायाचित्रे काढून होताच त्यांच्याभोवतीची माणसे पांगली, हे छायाचित्रांत दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी केव्हा जाचं?"

यंदा पंचाहत्तरी. कुटुंबाच्या मोबाइल गटावर ठिकाणांची यादी आली, मतदान झाले, गोव्याला बहुमत मिळाले. जिची पंचाहत्तरी, तिचे मत कोणी मागितलेच नव्हते. फोनवर कोणीतरी सहज विचारले, तेव्हा आई म्हणाल्या, "तुमचं समदं पाहून झालं असन तं एकडाव चिखलदऱ्याले चला. तुमाले मी दाखवतो." गटावर यावर हसण्याची चिन्हे उमटली. एका भाच्याने विचारले, "पण चिखलदऱ्याला आहे काय?"

हा प्रश्न अज्ञानातून आलेला असता तर उत्तर सोपे होते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले हे वऱ्हाडचे थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले आणि 'कीचकदरा'चा चिखलदरा झाला, अशी लोककथा. कॉफीची लागवड झालेले महाराष्ट्रातील हे विरळ ठिकाण. शेजारी गाविलगड. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली याच किल्ल्यावर चालून आला, १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावच्या तहावर सही करावी लागली. भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले ते या तहाने. आजूबाजूला मेळघाटचे जंगल. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक येथला. आणि कोरकू लोक, ज्यांची भाषा मराठीच्याच काय, गोंडीच्याही कुळातली नाही. ती मुंडा कुळातली. एवढे 'आहे'.

परंतु प्रश्न अज्ञानाचा नाही. तो मनात कोरलेल्या नकाशाचा आहे, आणि तो नकाशा काढण्यात मराठी वाचनाचाही हात आहे. आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकांतून निसर्ग वाचला तो बहुतांशी कोकणाचा आणि सह्याद्रीचा. गो. नी. दांडेकरांचा जन्म चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, परतवाड्याला, १९१६ सालचा. 'पूर्णामायची लेकरं' लिहून त्यांनी वऱ्हाडचे ऋण फेडले. तरीही सामान्य वाचकाला गोनीदा आठवतात ते सह्याद्रीच्या गडांवर. दोष गोनीदांचा नव्हे, आमच्या वाचनाचा आहे. सातपुड्याचे रान आम्ही मारुती चितमपल्लींकडे सोपवून मोकळे झालो, जणू ते वनखात्याचे प्रकरण होते. ज्याचे वर्णन वाचलेले नाही ते पाहण्यासारखे नसतेच, असा संस्कार एकदा झाला की आपल्याच जिल्ह्यातला डोंगर माणसाला गरीब नातेवाइकासारखा वाटू लागतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. 'तेथे काय आहे' हा प्रश्नच अशा प्रसंगी चुकीचा आहे. आपल्याकडे साठीशांत होते तेव्हा ज्याची साठी तो पाटावर बसतो आणि त्या दिवशी तोच यजमान असतो. सहस्रचंद्रदर्शनही तसेच, हजार पौर्णिमा, म्हणजे ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने पाहिलेले माणूस त्या दिवशी यजमानपदी असते. आम्ही विधींचा आग्रह धरत नाही. आमचा आग्रह 'यजमान' या शब्दापुरता आहे. रिसॉर्टवर पैसे मुलांचे, निवड मुलांची, वेळापत्रक व्यवस्थापनाचे. तेथे आई पाहुणी असते, आणि पाहुण्याने तक्रार करायची नसते. म्हणून ठिकाण निवडण्याची कसोटी एकच असावी: जेथे ते माणूस पाहुणे नसेल, जेथे त्याला काही ठाऊक असेल आणि आपल्याला ते ठाऊक नसेल.

चिखलदरा आईंना ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका म्हणून त्यांची पहिली नेमणूक मेळघाटातल्या एका खेड्यात झाली, ती १९७२च्या दुष्काळाच्या वर्षी. पगारासाठी त्या चिखलदऱ्याला येत. कोरकू मुलांना मराठी शिकवता शिकवता त्या मुलांकडून कोरकू आकडे शिकल्या. ते अजून पाठ आहेत. हे त्यांच्या नातवंडांना ठाऊक नाही. खरे सांगायचे तर त्यांच्या मुलालाही, म्हणजे आमच्यापैकी एकालाही, या वादाच्या निमित्तानेच कळले. 'तुमाले मी दाखवतो' या वाक्याचा अर्थ आम्हां दोन मराठीच्या प्राध्यापकांना लागायला आठवडा जावा, ही आमच्या पदव्यांची किंमत.

विरोधी मुद्दे आम्ही ऐकले आहेत. घाटाची वळणे आणि म्हातारे शरीर, हा खरा मुद्दा आहे. त्याचे उत्तर डॉक्टरांचा सल्ला, परतवाड्याला रात्रीचा मुक्काम आणि सकाळी सावकाश तीसेक किलोमीटरचा प्रवास हे आहे. गोव्याचे विमान हे नव्हे. मोठे रुग्णालय गाठायला अमरावतीपर्यंत खाली उतरावे लागते, म्हणून जंगलात दूर न जाता गावातच राहावे. लांबून येणाऱ्यांसाठी बडनेरा आणि अकोला ही रेल्वेस्थानके आहेत. अमेरिकेहून पुण्यापर्यंत येणाऱ्याला तेथून वऱ्हाड 'फार आत' वाटावे, हे अंतराचे गणित नव्हे.

एक मुद्दा मात्र आमच्याच बाजूवर उलटणारा आहे. आईंची जन्मतारीख कागदोपत्री १ जून. उन्हाळ्याच्या अखेरीस मेळघाटातील कितीतरी गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात. अशा दिवसांत तीस माणसांनी वर जाऊन आंघोळी करणे आम्हांला शोभले नसते. पण ही तारीख तरी आईंची कोठे आहे? त्या पिढीतल्या असंख्य मुलांप्रमाणे ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. त्यांच्या आई सांगत, पोरगी कार्तिकातली, कापूसवेचणीच्या दिवसांतली. कार्तिकात पावसाळ्याचे धुके आणि शनिवार-रविवारची झुंबड ओसरलेली असते, तळ्यांत पाणी असते, हवेत गारवा असतो. ठिकाण त्यांचे, तर दिवसही त्यांचा असू द्यावा.

चिखलदऱ्याचे लोणावळे व्हावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही. वाचकांनी चिखलदऱ्यालाच जावे, असेही आमचे म्हणणे नाही. कोणाच्या आईचे चिखलदरा वेंगुर्ल्याला असेल, कोणाचे गिरणगावातल्या एखाद्या चाळीत. मतदान घेण्याआधी तिला विचारावे, इतकेच. आमच्या गटावर अजून गोव्याचेच बहुमत आहे. आमची दोन मते अल्पमतात आहेत, आणि आईंचे मत मोजणीत धरलेलेच नाही. कार्तिकाला अवकाश आहे; तोवर आम्ही भांडणार आहोत.