आधी पाहू तर द्या!

स्नेहसंमेलनाचा मांडव उभा राहिला, की प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात ‘विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव मिळाला पाहिजे’ हे वाक्य आलेच म्हणून समजावे. बालवाडीपासून आजपर्यंत ते मी इतक्यांदा ऐकले आहे, की पाहुण्यांनी ‘सुप्त’ म्हटले की पुढचे ‘कलागुण’ आम्ही मागच्या रांगेतून पुरवतो. वाक्य तसे निरुपद्रवी आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि माझे भांडण त्याच्याशी आहे. मुलाचा कलेशी संबंध यायचा तो त्याने काहीतरी करून दाखवले तरच, असे आपण धरून चाललो आहोत. त्याने नाचावे, गावे, चित्र काढावे, बक्षीस आणावे. त्याने नुसते पाहावे, ऐकावे, त्यात रमावे, एखादी गोष्ट आवडली म्हणून दुसऱ्या दिवशी उगीच आठवत बसावे, यासाठी आपल्या शाळेच्या वेळापत्रकात एक तासही नाही.

संमेलनाचेच पाहा ना. आठ दिवस आधी बाई वर्गात येतात आणि नाचासाठी बारा मुली निवडतात. बहुधा त्या गेल्या वर्षीच्याच असतात. सिनेमातले एक गाणे घोटून घोटून घेतले जाते. उरलेल्या दोनशे मुलांना काय सांगितले जाते? ‘मांडी घालून गप्प बसा.’ या दोनशे मुलांकडे कलेच्या बाजूने कुणी पाहतच नाही. वस्तुतः कार्यक्रम त्यांच्यासाठी असतो. उद्या हीच मुले मोठी होऊन नाटकाला तिकीट काढणार किंवा काढणार नाहीत, कीर्तनाला बसणार किंवा उठून जाणार, घराच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा हे ठरवणार. बारा कलावंत शोधण्याच्या नादात दोनशे रसिक आपण दरवर्षी गमावतो, आणि मग मराठी नाटकाला प्रेक्षक नाही म्हणून परिसंवाद भरवतो!

चित्रकलेची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे निदान परीक्षा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना खेड्यापाड्यांतली मुले बसतात. त्या परीक्षेतल्या वस्तुचित्राविषयी मला मनापासून आदर आहे. समोर एक घागर, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेले फडके ठेवतात. जन्मभर जिच्यातून पाणी प्यायलो त्या घागरीचे तोंड आपल्या जागेवरून गोल दिसत नाही, लांबट दिसते, हे मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा उमगते. हातून चित्र कसेही उतरो, डोळ्याला एक नवी सवय लागते. पण इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी आली की दहावीला सात गुण वाढून मिळतात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. हे गुण आले आणि घागर गेली. आता मुले संकल्पचित्राचे ठरावीक नमुने पाठ करून जातात, स्मरणचित्रातला बाजारसुद्धा कुठल्या तरी मार्गदर्शक पुस्तकातून स्मरलेला असतो. गुणांना माझा विरोध नाही, गरिबाच्या मुलाला सात गुण पुष्कळ असतात. मात्र दहावीनंतर त्या मुलाच्या हाती पुन्हा कधी पेन्सिल दिसते का, एवढे कुणीतरी पाहावे.

आणि चित्रकलेला शिक्षक तरी कुठे आहेत? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे, की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा. म्हणजे वाडीवरच्या शाळेतली पंचेचाळीस मुले मोजणीतच बसत नाहीत. कलेची आवड जणू शंभरांच्या पुढे सुरू होते! त्या शाळांतला चित्रकलेचा तास गणिताचे गुरुजी घेतात आणि अर्थातच गणित घेतात. त्यांना तरी काय बोल लावायचा?

आता कुणी म्हणेल, खेड्यात पाहायला असते तरी काय? मी खटाव तालुक्यातली आहे, म्हणून जवळचे सांगते. औंधला यमाईच्या डोंगरावर चढताना श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. सूर्यनमस्कारांमुळे त्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे, पण ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करीत. एवढ्याशा संस्थानच्या या राजाने राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यासारख्यांची मूळ चित्रे जमवली आणि हेन्री मूर या इंग्लंडमधल्या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे माता आणि बालक हे शिल्पही आणून ठेवले. मुंबईच्या मुलाला गाडी करून यावे लागेल अशी ही दौलत आमच्या एस. टी.च्या टप्प्यावर आहे.

मग आमची मुले ती पाहतात कशी? शाळेची सहल येते. दोन-दोनची रांग. ‘हात लावू नका. पुढे चला. मागच्यांना जागा द्या.’ वीस मिनिटांत सगळी दालने संपतात, बाहेर भेळ खाऊन सहल पुढच्या देवस्थानाकडे निघते, आणि सोमवारी वर्गात ‘आम्ही पाहिलेले वस्तुसंग्रहालय’ या विषयावर वीस ओळी लिहून आणायच्या असतात. त्या वीस ओळींच्या धाकाने मुले चित्रांऐवजी चित्रांखालच्या पाट्या पाहतात. मी स्वतः तशाच ओळी लिहिल्या आहेत आणि त्यांना चांगले गुणही पडले आहेत.

गेल्या दिवाळीत मी थोरल्या भावाच्या मुलीला घेऊन गेले. ती दुसरीत आहे. रविवर्म्याच्या चित्रापुढे ती थबकली, कारण आमच्या देव्हाऱ्यामागे त्याच घडणीच्या लक्ष्मीचा जुना छापील कागद आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला आणि त्याच्या देवता महाराष्ट्राच्या घराघरांत भिंतींवर जाऊन बसल्या. साडीची घडी, हातांची ठेवण, तो उजेड, हे सारे तिच्या ओळखीचे होते. फक्त इथे रंगाला जाडी होती. तिने जवळ जाऊन, हात मागे बांधून, ते नीट पाहिले. मूरच्या शिल्पापुढे मात्र ती बराच वेळ घुटमळली आणि म्हणाली, “आत्या, हे पुरं करायचं राहिलंय का?” मी उत्तर दिले नाही. तिला फिरू दिले. परतीच्या गाडीत तिने आपणहून सांगितले, की बाळ आईतनं अजून सुटं झालेलं नाही. हे बरोबर की चूक, कलासमीक्षक ठरवोत. मला एवढे कळते, की वीस ओळींत हे वाक्य आले नसते.

या साऱ्यावर एक ठरलेला आक्षेप आहे आणि तो मी घरातच ऐकत आले आहे. ‘पोटाला मिळेना तिथं कला कसली? आधी शिका, नोकरीला लागा, मग बघा चित्रं.’ आक्षेप करणाऱ्यांनी दुष्काळ पाहिलेला आहे, तेव्हा तो हसण्यावारी नेता येत नाही. पण त्यात कला म्हणजे सावलीत बसणाऱ्यांची चैन असे समजले जाते, आणि ते समजणाऱ्यांच्याच आयुष्याला धरून नाही. माझ्या आईला वाचता येत नाही. तिने शिवलेल्या गोधडीत लाल तुकड्याशेजारी कोणता तुकडा यायचा हे ती चारदा उसवून ठरवते. थंडी तर कोणत्याही तुकड्याने भागते, मग ती उसवते कशासाठी? आमच्या भागात धनगरांचा गजी ढोल उभा राहिला, की पारावरचे म्हातारे कोणाचा हात सैल पडला ते डोळे मिटून सांगतात. भारुडाची कोणती पार्टी चांगली आणि कोणती नुसती आरडाओरड करते, यावर बाया शेतात भांगलताना दिवसभर वाद घालतात. त्याला रसास्वाद म्हणतात हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले, त्यांना ते अजून कुणी सांगितलेले नाही.

दुःख असे, की ही जाणकारी पुढच्या पिढीच्या हाती पडत नाही, आणि त्याला शाळा पुष्कळ अंशी जबाबदार आहे. भजनाला बसलेल्या पोराला ‘ऊठ, अभ्यास कर’ म्हणून घरी पाठवतात. पाहुण्यांच्या स्वागताला हलगी लागते, तेव्हा हलगी वाजवणाऱ्याच्या मुलाला वर्गातून बोलावणे जाते. तो उन्हात मिरवणुकीपुढे वाजवतो, पाहुणे व्यासपीठावर चढले की त्याला परत वर्गात बसवतात. हलगीवर तो जे करतो ते संगीत आहे, हे त्या शाळेत कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. संगीत म्हणजे पेटीवरचे स्वागतगीत! या निवडीत जात किती आणि कला किती, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या शाळेपुरता सोडवून पाहावा.

मुलींच्या बाबतीत तर कुंपण आणखी उंच आहे. आम्हाला द्वितीय वर्षाला लोकसाहित्य आहे. गण, गवळण, बतावणी, वग असा तमाशाचा क्रम मी परीक्षेत बिनचूक लिहू शकते. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी तमाशाचा फड लागतो, पण तो मी आजवर पाहिलेला नाही. माझ्या भावांनी पाहिला आहे आणि त्यांना तो अभ्यासाला नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते, वर्तमानपत्रांत फोटो येतात, आणि तंबूच्या दारात मुलीला मात्र ‘तुझं काय काम इथं?’ असे विचारतात. तमाशातले सारेच लहान मुलांपुढे आणावे असे मी म्हणत नाही. पण ढोलकीच्या फडातली ढोलकी ऐकायला काय हरकत आहे?

शहरांत मुलांसाठी काही झाले नाही असे नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ करून मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले. पुढे रत्नाकर मतकरींनी बालनाट्ये लिहिली आणि केली. १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची रंगभूमी पुण्यात रुजवली. तिच्यात मोठी माणसे मुलांची कामे करतात आणि मुलांचेच रोजचे प्रश्न मांडतात. हे सगळे वाचून आनंद होतो आणि थोडा हेवाही वाटतो. आमच्याकडे मुलांसाठी जे नाटक येते ते व्यसनमुक्तीचे किंवा स्वच्छतेचे पथनाट्य असते. ते आपणच करतो, त्यामुळे मला त्यावर बोलण्याचा हक्क आहे! खेड्यातल्या मुलाला नाटक म्हणजे शेवटी कुणीतरी हात धुवायला सांगणार हे पक्के ठाऊक झाले आहे. ते पहिल्या मिनिटापासून त्या वाक्याची वाट पाहत बसते.

उलट सेवाग्रामचे उदाहरण घ्या. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये तिथे कलाशिक्षक म्हणून आले. सूतकताई आणि शेतकाम करणाऱ्या मुलांच्या शाळेत त्यांनी चित्रकलेला शिक्षणाच्या मुळाशी जागा दिली. त्या मुलांना चित्रकार करायचे होते म्हणून नव्हे. शाळा गरिबांची, पैसा बेताचा, आणि तरीही हे झाले, एवढेच मला ‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांपुढे ठेवायचे आहे.

आजच्या मुलांच्या हाती मोबाईल आहे, तिथे पंधरा सेकंदांत नाच संपतो, अशीही तक्रार आपण ऐकतो. मोबाईल हिसकावून काही साधेल असे मला वाटत नाही. लांबचे काही ऐकण्याची सवय लागायला लांबचे काही समोर घडावे लागते. औंधलाच गजाननबुवा जोशी यांच्या घराण्याने चालवलेला संगीत महोत्सव वर्षानुवर्षे होत आला आहे. मैफल लांबली की मोठ्यांच्या मांडीवर मुले झोपी जातात. ती झोपतात म्हणून त्यांना आणू नये असे म्हणणाऱ्यांनी, आपण स्वतः कीर्तनात किती वेळा आजीच्या मांडीवर झोपलो आणि अभंगांच्या चाली आपल्याला कुठून येतात, याचा विचार करावा.

आता थोडे आपल्यापुरते. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर सात दिवसांचे असते. त्याच्या छापील वेळापत्रकात रोज सायंकाळी सात ते आठ ‘प्रबोधनपर कार्यक्रम’ असतो. सातांपैकी एक सायंकाळ मी मागते आहे. त्या दिवशी प्रबोधन करायचे नाही. गावातल्या हलगीवाल्यांना बोलवायचे, त्यांना खुर्ची आणि माईक द्यायचा, मानधन पाकिटात घालून द्यायचे, आणि मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे. आणखी एक सकाळ मिळाली तर श्रमदानाचा चर एक दिवस उशिरा खणू आणि शाळेतली तीसेक मुले औंधला नेऊ. बारा वर्षांपर्यंत एस. टी.चे अर्धे तिकीट आहे. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचे आणि त्याच्यापुढे हवा तेवढा वेळ बसायचे, निबंध नाही. कार्यक्रम अधिकारी सरांना मी हे तोंडी सांगितले आहे. ते म्हणाले, अहवालात याची नोंद कोणत्या सदराखाली करायची ते आधी सांग. ते सदर मी अजून शोधते आहे. कुणाला सुचल्यास शिबिराच्या यादीवर सह्या सुरू होण्याआधी मला कळवावे.