विश्लेषण : मोटोजीपीमध्ये जगज्जेत्यालाही संघ का सोडावा लागतो?

होर्हे मार्टिनने १७ नोव्हेंबर २०२४ रोजी बार्सिलोनात डुकाटीच्या मोटरसायकलवर मोटोजीपीचे विश्वविजेतेपद मिळवले. मात्र पुढच्या हंगामात तो डुकाटीकडून खेळणार नाही, हे साडेपाच महिने आधीच ठरले होते. जगज्जेत्याला मिळणारा ‘१’ हा क्रमांक घेऊन तो प्रतिस्पर्धी एप्रिलियाकडे गेला. आता २०२७ पासून मोटोजीपीचे तांत्रिक नियम आमूलाग्र बदलणार आहेत आणि बहुतेक आघाडीच्या रायडरचे करार २०२६ अखेरीस संपत आहेत. त्यामुळे एकाही शर्यतीत न धावलेल्या मोटरसायकलसाठी करार करण्याची वेळ रायडरवर आली आहे. या ‘जागाबदला’चे गणित काय, आणि त्यात धोका कोणाचा?

‘जागा’ म्हणजे नेमके काय?

मोटोजीपीत ११ संघ आणि २२ मोटरसायकली असतात. त्या बनवणाऱ्या कंपन्या पाचच : डुकाटी, एप्रिलिया, केटीएम, होंडा आणि यामाहा. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा ‘फॅक्टरी’ संघ असतो. त्याशिवाय कंपनीकडून मोटरसायकली भाड्याने घेणारे ‘सॅटेलाइट’ संघ असतात. काही वेळा रायडर सॅटेलाइट संघात असतो, पण त्याचा करार थेट कंपनीशी असतो.

फॅक्टरी संघाच्या जागेला महत्त्व आहे ते केवळ मानधनामुळे नाही. मोटरसायकलच्या पुढच्या विकासाची दिशा ठरवताना तेथील रायडरचा शब्द आधी ऐकला जातो आणि नवा सुटा भागही सहसा त्यालाच आधी मिळतो. मात्र पाच कंपन्यांच्या फॅक्टरी संघांत मिळून जागा दहाच आहेत. त्यामुळे एक रायडर हलला की चार-पाच जणांना हलावे लागते. भारतीय प्रेक्षकांना याचे जवळचे उदाहरण आठवेल. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. मार्को बेझेक्की पहिला, तर मार्टिन दुसरा आला. दोघेही तेव्हा डुकाटीच्या दोन वेगवेगळ्या सॅटेलाइट संघांत होते. अवघ्या दोन हंगामांत ते एप्रिलियाच्या फॅक्टरी संघात सहकारी झाले.

जून २०२४ मध्ये काय घडले?

डुकाटीच्या फॅक्टरी संघात फ्रान्सेस्को बॅग्नायाची जागा पक्की होती. एनेआ बस्तियानिनीच्या जागी कोण, हा प्रश्न होता. मार्टिनचा दावा भक्कम होता. २०२३ मध्ये त्याने शेवटच्या शर्यतीपर्यंत बॅग्नायाला झुंजवले होते आणि जून २०२४ च्या सुरुवातीला मुजेल्लोच्या शर्यतीनंतरही गुणतक्त्यात तोच पहिला होता. याआधी २०२२ मध्येही फॅक्टरी संघाची जागा त्याच्याऐवजी बस्तियानिनीला देण्यात आली होती.

दुसरा दावेदार होता मार्क मार्केझ. २०२० मध्ये हेरेझला उजव्या दंडाचे हाड मोडल्यानंतर त्याच्यावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. होंडाची मोटरसायकलही मागे पडत गेली. ज्या होंडासह त्याने मुख्य गटातील सहा विश्वविजेतेपदे मिळवली, तिच्याशी असलेला करार एक वर्ष बाकी असतानाच संपवून तो ग्रेसिनी या सॅटेलाइट संघात आला होता. तेथे त्याच्याकडे आदल्या वर्षीची डुकाटी होती आणि जून २०२४ पर्यंत त्याने तिच्यावर एकही मुख्य शर्यत जिंकली नव्हती. सॅटेलाइट संघ असलेल्या प्रामाकमध्ये जाण्याचा पर्याय त्याने मुजेल्लोत जाहीरपणे नाकारला.

मुजेल्लोची शर्यत २ जूनला झाली. ३ जूनला एप्रिलियाने मार्टिनची आणि ५ जूनला डुकाटीने मार्केझची निवड जाहीर केली. मग साखळीच सुरू झाली. बस्तियानिनी आणि माव्हेरिक विन्यालेस केटीएमच्या टेक थ्री संघात गेले, तर बेझेक्की एप्रिलियात. प्रामाकने दोन दशकांची साथ सोडून यामाहाचा हात धरला. मार्टिनने जेतेपद मिळवले ते याच प्रामाकसाठी. म्हणजे डुकाटीच्या हातून विजेता रायडर आणि विजेता संघ, दोन्ही गेले.

मग डुकाटीचा निर्णय चुकला का?

निकाल पाहिले तर नाही. मार्केझने २०२५ मध्ये ११ मुख्य आणि १४ स्प्रिंट शर्यती जिंकल्या आणि पाच फेऱ्या बाकी असतानाच जपानमधील मोटेगीत जेतेपद निश्चित केले. त्याच संघात बॅग्नायाला मात्र दोनच मुख्य शर्यती जिंकता आल्या.

पण मार्टिनही चुकीचा ठरला नाही. २०२४ मध्ये बॅग्नायाने ११ आणि मार्टिनने तीन मुख्य शर्यती जिंकल्या, तरी सातत्याच्या बळावर मार्टिनने ५०८ विरुद्ध ४९८ अशा गुणांनी बाजी मारली. २००२ मध्ये सुरू झालेल्या मोटोजीपी युगात सॅटेलाइट संघाच्या रायडरने विश्वविजेता होण्याची ही पहिलीच वेळ होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अडचण आहे ती निर्णयाच्या वेळेत. परीक्षा नोव्हेंबरमध्ये आणि प्रवेश जूनमध्ये, असा हा प्रकार आहे.

मोटरसायकल बदलली की काय बदलते?

मोटरगाडीत चालक पट्ट्याने जखडलेला असतो. मोटरसायकलवर रायडरचे शरीर हाच यंत्राचा हलता भाग असतो. ब्रेक लावताना, वळणात झुकताना आणि वेग घेताना त्याचे वजन कोठे आहे, यावर टायरची पकड ठरते. त्यामुळे एका मोटरसायकलवर वर्षानुवर्षे मुरलेली सवय दुसरीवर घातक ठरू शकते.

होर्हे लोरेन्झोचे उदाहरण याबाबत बोलके आहे. त्याच्या काळातील यामाहाचे इंजिन इन-लाइन फोर प्रकारचे होते आणि वळणातला वेग टिकवणे हे तिचे बलस्थान होते. २०१७ मध्ये तो व्ही-फोर इंजिनाच्या डुकाटीवर आला. तिथे जोरदार ब्रेक लावून मोटरसायकल चटकन वळवायची आणि सरळ रेषेत ताकद वापरायची, अशी पद्धत होती. दीड वर्ष तो चाचपडत राहिला. ब्रेक लावताना सगळा भार हातांवर येतो, शरीराला टेकू हवा, हे त्याचे म्हणणे होते. अखेर इंधनटाकीचा आकार बदलला. त्याच बदलासह तो ३ जून २०१८ रोजी मुजेल्लोत डुकाटीवर पहिल्यांदा जिंकला. तोवर उशीर झाला होता. तीनच दिवसांनी होंडाने २०१९ साठी त्याचे नाव जाहीर केले. त्या हंगामात लोरेन्झोने डुकाटीवर आणखी दोन शर्यती जिंकल्या. होंडावर मात्र त्याला एकदाही पहिल्या दहांत येता आले नाही. मणक्याला गंभीर दुखापत झाली आणि २०१९ च्या अखेरीस तो निवृत्त झाला.

उलट उदाहरण व्हॅलेंटिनो रॉसीचे. २००३ मध्ये होंडावर जगज्जेता झाल्यावर त्याने यामाहाची निवड केली. यामाहाला मुख्य गटातील जेतेपद १९९२ नंतर मिळालेले नव्हते. करार संपेपर्यंत होंडाने त्याला नवी मोटरसायकल चालवू दिली नाही. तरीही एप्रिल २००४ मध्ये वेल्कमची पहिलीच शर्यत त्याने जिंकली आणि पुढे जेतेपदही. होंडातील मुख्य तंत्रज्ञ जेरेमी बर्जेस त्याच्यासोबत यामाहात आला होता, ही बाब त्यात महत्त्वाची होती. मात्र २०११ मध्ये याच जोडीने डुकाटीकडे मोर्चा वळवला तेव्हा दोन हंगामांत एकही विजय मिळाला नाही. थोडक्यात, चांगला रायडर आणि चांगली मोटरसायकल यांची बेरीज आधी कागदावर मांडता येत नाही.

केलेला करार मोडता येतो का?

मार्टिनने २०२५ मध्ये तसा प्रयत्न केला. फेब्रुवारीत सेपांगच्या चाचणीत तो पडला. त्यातून सावरताना सरावात पुन्हा पडला आणि पहिल्या तीन फेऱ्यांना मुकला. एप्रिलमध्ये कतारला परतला, तर शर्यतीत पडल्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलची धडक बसली. बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला इजा झाली. वृत्तांनुसार, पहिल्या सहा फेऱ्यांत अपेक्षित स्थान न मिळाल्यास करारातून बाहेर पडण्याची मुभा त्याला होती. त्याने तिचा आधार घेतला. एप्रिलियाने नकार दिला. मोटोजीपीची आयोजक संस्था डोर्नानेही करार किंवा न्यायालयाचा निर्णय असल्याशिवाय त्याला २०२६ साठी प्रवेश नसल्याचे स्पष्ट केले. अखेर जुलैमध्ये ब्र्नोला पुनरागमन करताना मार्टिनने एप्रिलियातच राहण्याचे जाहीर केले.

दरम्यान, त्याच एप्रिलियावर बेझेक्कीने मेमध्ये सिल्व्हरस्टोनची शर्यत जिंकली होती. हंगामअखेर त्याच्या नावावर तीन विजय आणि एकूण तिसरे स्थान होते. मार्टिन ज्या मोटरसायकलवरून उतरू पाहत होता, तिच्यावर तोवर त्याने एकच शर्यत केली होती. एका शर्यतीवरून इंजिनाचीही परीक्षा होत नाही, मग भवितव्याचा निर्णय कसा घेणार?

अशा अटी रायडरवर उलटूही शकतात. प्रामाक यामाहाचा मिगेल ऑलिव्हेरा २०२५ च्या दुसऱ्याच फेरीत दुसऱ्या रायडरशी झालेल्या टकरीत जखमी झाला आणि पुढच्या काही शर्यतींना मुकला. त्याचा करार दोन वर्षांचा असल्याचे सांगितले जात होते. तरीही २०२६ साठी त्याची जागा सुपरबाइक जगज्जेता टोप्राक राझगातलिओग्लूला देण्यात आली.

यात पुण्याचा संबंध कसा?

करारावर सही करताना रायडर केवळ मोटरसायकलवर नव्हे, तर कंपनीच्या ताळेबंदावरही विश्वास टाकत असतो. बस्तियानिनी आणि विन्यालेस यांनी जून २०२४ मध्ये केटीएमची निवड केली. नोव्हेंबरमध्ये ही ऑस्ट्रियन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कामगारांचे पगार आणि पुरवठादारांची देणी यांचा प्रश्न असताना शर्यतींवर खर्च करावा का, अशी चर्चा सुरू झाली. तिला तारण्यासाठी पुढे आली पुण्याची बजाज ऑटो. २००७ पासून केटीएममध्ये हिस्सा असलेल्या आणि चाकणच्या प्रकल्पात ड्यूकसारख्या मोटरसायकली बनवणाऱ्या बजाजने एकूण ८० कोटी युरोंची मदत उभी केली आणि २०२५ मध्ये कंपनीचे नियंत्रण मिळवले. त्यामुळे केटीएमचा तरुण रायडर पेद्रो अकोस्ता ज्या मोटरसायकलवर धावतो, तिच्या खर्चाचा हिशेब आता आकुर्डीपर्यंत पोहोचतो.

२०२७ मुळे गुंता का वाढला?

इंजिनाची क्षमता १००० वरून ८५० सीसी होणार आहे. शर्यतीदरम्यान मोटरसायकलची उंची कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणांवर बंदी येईल. हवेचा दाब वापरणारे पंख आक्रसतील. टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे असतील आणि इंधन पूर्णपणे जीवाश्मविरहित असेल. इतके बदल एकदम झाल्यावर आजची सर्वोत्तम मोटरसायकल उद्याही सर्वोत्तमच असेल, याची खात्री कोणालाच नाही. तरी २०२७ च्या जागांची बोलणी २०२६ चा हंगाम सुरू होण्याआधीच रंगू लागली. अभियंत्यांनाही पूर्ण उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर रायडर आपल्या कारकीर्दीची सर्वोत्तम वर्षे पणाला लावत आहेत.

उपाय काय?

कंपन्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. मोटरसायकलची बांधणी, प्रायोजक, तंत्रज्ञांची जुळवाजुळव यांना वेळ लागतो. त्यामुळे हंगाम संपल्यावरच करार करा, असे म्हणणे व्यवहार्य नाही. पण उन्हाळी सुट्टीपर्यंत, म्हणजे हंगामाच्या निम्म्या शर्यती होईपर्यंत पुढच्या वर्षाच्या करारांवर सही होणार नाही, असा नियम आयोजकांना करता येईल. पडद्यामागची बोलणी त्याने थांबणार नाहीत. मात्र रायडरला मोटरसायकल समजून घेण्याइतका आणि कंपनीला रायडर समजून घेण्याइतका अवधी मिळेल.

दुसरी दुरुस्ती अधिक सोपी आणि अधिक निकडीची आहे. कामगिरीच्या अटी हंगामातील फेऱ्यांवर न मोजता प्रत्यक्ष धावलेल्या शर्यतींवर मोजल्या जाव्यात. रुग्णालयात काढलेले आठवडे ना रायडरच्या बाजूने गणले जावेत, ना त्याच्या विरोधात. मार्टिनने अट वापरली तेव्हा कंपनीवर अन्याय झाल्याची भावना होती. ऑलिव्हेराच्या बाबतीत ती रायडरवर अन्याय झाल्याची होती. दोन्हींच्या मुळाशी अपघात होता आणि मोटोजीपीत अपघात हा अपवाद नसतो.

ताशी ३५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या या खेळात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप होते. मात्र ज्या निर्णयाने रायडरची दोन वर्षे ठरतात, तो अंदाजाने घेतला जातो. आपली हाडे पणाला लावणाऱ्याला किमान मोटरसायकल पारखण्याइतका वेळ मिळावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.