लांब बाकावरची कामे

परभाषा शिकताना पाठ केलेल्या शब्दांच्या याद्या परीक्षा संपली की विसरल्या जातात. एखादा वाक्प्रचार मात्र मनात ठाण मांडून बसतो. मी प्रथम वर्षापासून जर्मन शिकते आहे. यंदा शिकलेला असा एक वाक्प्रचार म्हणजे ‘आउफ डी लांगे बांक शीबेन’. शब्दशः अर्थ, लांब बाकावर ढकलणे. व्यवहारातला अर्थ, हातातले काम पुढे पुढे लोटत राहणे.

हा बाक आला कोठून? जुन्या न्यायालयांत कागदपत्रे ठेवायला बाकासारख्या लांब पेट्या असत. ज्या प्रकरणाची निकड कोणाला वाटत नसे ते त्या पेटीत जाऊन पडे, असे याचे मूळ सांगतात. ते पटण्यासारखे आहे. वेत्सलार येथील साम्राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात १७७२ साली एक तरुण वकील उमेदवारीसाठी गेला होता. वय अवघे बावीस. तो म्हणजे कवी गटे. तेथे वीस हजार खटले तुंबले होते, वर्षाला साठांचा निकाल लागे आणि त्याच्या दुप्पट नवे येत, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. नवा एकही खटला आला नसता तरी जुने संपायला तीनशेहून अधिक वर्षे लागली असती!

आपल्याकडे प्रकरण ‘बासनात गुंडाळले’ जाते. बासन म्हणजे दप्तर बांधण्याचे फडके. जर्मनांची पेटी, आपले फडके. ठिकाण एकच, कचेरी.

येथेच मला काही म्हणायचे आहे. चालढकल हा आळशी माणसाचा दुर्गुण, असे आपण शाळेपासून निबंधांत लिहीत आलो. पण हे दोन्ही वाक्प्रचार आळशाच्या अंथरुणात जन्मलेले नाहीत. ज्याच्या हाती निर्णय असतो तो काम पुढे ढकलतो, आणि त्याची किंमत बाहेर ताटकळणारा मोजतो. आळशी विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतो. येथे नुकसान दुसऱ्याचे होते.

हे कचेरीपुरतेच असते तर एवढे लिहिले नसते. माझ्या ताईला बारावीनंतर पुढे शिकायचे होते. घरात कोणीही ‘नाही’ म्हटले नाही. ‘यंदा दादाची फी भरायची आहे, तुझे पुढच्या वर्षी पाहू,’ एवढेच म्हटले. पुढच्या वर्षी घराचे छप्पर काढले. त्याच्या पुढच्या वर्षी चांगले स्थळ आले. ‘नाही’ म्हटले असते तर ताई भांडली असती, रडली असती, कदाचित जिंकलीही असती. ‘पुढच्या वर्षी’ या दोन गोड शब्दांशी तिने भांडावे तरी कसे? आजही घरात विचारले तर उत्तर येते, ‘तिचे शिक्षण राहून गेले.’ जणू ते आपोआपच राहिले! जर्मन वाक्प्रचारात निदान ढकलणे हे क्रियापद आहे. ढकलणारा कोण, असे विचारता येते.

जर्मनमध्ये दिलासा देणारी म्हणही आहे: ‘आउफगेशोबेन इस्ट निष्ट आउफगेहोबेन’, म्हणजे पुढे ढकलले म्हणजे रद्द केले असे नव्हे. म्हण छान आहे. अडचणी खऱ्या असतात. सगळे आजच करता येत नाही, हेही मान्य. पण ही म्हण खरी ठरायची तर पुढे ढकलणाऱ्याने कारण आणि नवी तारीख दोन्ही सांगितली पाहिजेत. तारखेवाचून दिलेला ‘नंतर’ हा नकारच असतो, फक्त तो देणाऱ्याला वाईटपणा येत नाही.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यापैकी कोणी कचेरीत बसेल, कोणी वर्गावर शिकवील, बहुतेकजण घर चालवतील. कोणाचे तरी काम आपल्या हाती येईलच. ते करता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. करायचे असेल तर दिवस सांगावा. ‘पाहू’ म्हणू नये.