जुन्या मोटारीचें मोल

घरांतील मोटार विकण्याची गोष्ट निघाली, कीं तिच्या किंमतीचे दोन आंकडे हटकून पुढें येतात : एक वडील मंडळींच्या मनांतला, दुसरा बाजारांतला. कामोठ्यासारख्या वसाहतींत मुलें मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून आगगाडीनें कामावर जातात व मोटार आठवडाभर इमारतीखालीं आच्छादनांत उभी असते. अशी बारा वर्षांची गाडीही नवीसारखी दिसते. जपणुकीला मोल आहे खरें. परंतु तें ममतेनें ठरत नाहीं, पुराव्यानें ठरतें.

किंमत काढतांना आपण पूर्वीं काय मोजलें हें प्रथम विसरावें. तसलीच नवी गाडी आज केवढ्यास मिळते तें पाहावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, कीं जुनीचा भाव उतरणारच. शिवाय खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ५ वर्षांचें नूतनीकरण मिळतें. म्हणून बारा वर्षांच्या गाडीचें गिऱ्हाईक उरलेलीं तीन वर्षें आधीं मोजतें. विम्याचें घसाऱ्याचें ठरीव कोष्टकही ५ वर्षांपर्यंतच चालतें. पुढील मोल कंपनी व मालक यांच्या संमतीनें ठरतें. तेव्हां तेथून पुढें बोलतात त्या दुरुस्तीच्या पावत्या आणि गाडीची प्रत्यक्ष स्थिति. खाऱ्या दमट हवेंत तळाचा पत्रा गंजतो, आणि उभ्या गाडीची बॅटरी व टायर न चालतांही झिजतात, हें जाणत्या गिऱ्हाइकास ठाऊक असतें.

याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेच्या मुदती दिल्या आहेत : लोखंडास १ दिवस, ओझें वाहणाऱ्या जनावरास ५ दिवस. मोटार ही लोखंडही आहे आणि वाहनही! तिला निदान एक दिवस तरी परक्या मिस्त्रीच्या हातीं द्यावी, आणि दोष असल्यास तो त्यानें काढण्यापूर्वीं आपणच सांगावा. त्यानें चार पैसे कमी येतील. पण मागाहून दाराशीं तंटा येणार नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैसे हातीं पडल्यानंतरची आहे. गाडी गेली, पण सरकारी नोंदींत नांव आपलेंच राहिलें, तर विक्री अपुरीच समजावी. त्या गाडीनें पुढें अपघात केला, तर भरपाईचें दायित्व नोंदींतील मालकावर येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिला आहे; तेथें गाडी एकामागून एक अनेक हातीं गेली होती, तरी बोजा पहिल्या नोंदलेल्या मालकावरच पडला. यास्तव १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत १४ दिवसांच्या आंत हस्तांतर कळवावें, नमुना २९ व ३० भरावे, कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवावा, फास्टॅग बंद करावा. विम्यांतील ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर जात नाहीं. तो आपल्या पुढील गाडीसाठीं राखून ठेवतां येतो.

दलाल ‘नांव मी करून घेतों’ म्हणाला, तरी नव्या नांवाची नोंद स्वतः पाहावी व तिची प्रत घरच्या दप्तरांत ठेवावी. विक्रीच्या पावतीवरचा दिनांक आणि वेळही त्याच कागदांत असूं द्यावी.